लेबलवर एक लांबी, बाटलीत अनेक : सेल्युलोज नॅनोक्रिस्टलच्या निलंबनाचे परीक्षण

गेले वर्षभर मी एका पुरवठादाराकडून घेतलेले सेल्युलोज नॅनोक्रिस्टलचे, म्हणजे सेल्युलोजच्या काडीसारख्या अतिसूक्ष्म स्फटिकांचे, पाण्यातील निलंबन (न विरघळता तरंगणाऱ्या कणांचे मिश्रण) वापरत आहे. लाकडाच्या लगद्यावर गंधकाम्लाची प्रक्रिया करून तयार केलेले, सोडियम-रूपातील (कणांवरच्या ऋण भारासोबत सोडियमचे आयन असलेले), वजनाने १२ टक्के घन पदार्थ असलेले आणि तयार झाल्यापासून एकदाही न सुकवलेले, असे या मालाचे वर्णन माहितीपत्रकात आहे. कणांची सरासरी लांबी १५० नॅनोमीटर आणि जाडी ७ नॅनोमीटर, एवढीच आकाराविषयीची माहिती त्यात दिलेली आहे. काडीच्या आकाराच्या कणांची मिश्रणे कोणत्या प्रमाणाला द्रवस्फटिक (वाहणारे, पण कणांची दिशा ठरलेली असलेले द्रव) बनतात आणि त्यात किती प्रावस्था, म्हणजे पदार्थाच्या वेगवेगळ्या अवस्था, एकत्र नांदतात, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे आणि मोजायचे, या एकाच हेतूने मी हा माल घेतला. त्यामुळे हे परीक्षणही त्याच अंगाने केलेले आहे. लेप, कागद किंवा प्लास्टिकला बळकटी देण्यासाठी हा माल कसा ठरतो, याविषयी मी काहीही म्हणणार नाही. माझे मत सुरुवातीलाच नोंदवते. माल उत्तम आहे, पण त्याच्या लेबलवरचा लांबीचा आकडा प्रावस्थांचा अभ्यास करणाऱ्याची दिशाभूल करतो, कारण बाटलीत असते ते एका लांबीच्या काड्यांचे निलंबन नसून अनेक लांबींच्या काड्यांचे मिश्रण असते, आणि बाटलीचे सगळे वागणे त्या मिश्रणपणातूनच येते.

बाटली उघडल्यावर आत दाट, किंचित निळसर झाक असलेला, हलवल्यावर सावकाश ओघळणारा पदार्थ दिसतो. झाकण घट्ट बसते, तळाशी गोळे नसतात आणि वासही येत नाही. पहिल्याच दिवशी मी त्यात शुद्ध पाणी मिसळून ३ टक्क्यांपासून ११ टक्क्यांपर्यंत, एकेका टक्क्याच्या अंतराने, नऊ कुप्या भरल्या. प्रत्येक कुपी बर्फाच्या पाण्यात ठेवून सोनिकेटर (ध्वनिलहरींनी ढवळणारे उपकरण) थोडा वेळ चालवला, म्हणजे कणांचे चिकटलेले गठ्ठे सुटतील पण निलंबन तापणार नाही, आणि मग सगळ्या कुप्या न हलवता तीन आठवडे ठेवून दिल्या. परस्परांशी काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवक (प्रकाशाची एकच कंपनदिशा जाऊ देणाऱ्या) पत्र्यांमध्ये धरून त्या पाहिल्या तेव्हा जे दिसले ते या मालाच्या बाजूने सर्वांत मोठा पुरावा आहे. ३ टक्क्यांची कुपी पूर्ण काळी होती. ४ टक्क्यांच्या कुपीत तळाशी नखाएवढ्या जाडीचा प्रकाशमान थर होता आणि त्याच्या वर काळे द्रव होते. दोहोंमधली सीमा पट्टीने आखावी इतकी सरळ होती. पुढच्या प्रत्येक कुपीत हा उजळ थर वाढत गेला, ७ टक्क्यांना तो साधारण निम्म्यावर आला, १० टक्क्यांनाही वर एक बारीक काळी पट्टी शिल्लक राहिली आणि ११ टक्क्यांची कुपी तेवढी तळापासून माथ्यापर्यंत उजळ निघाली.

काळा भाग म्हणजे समदिक् प्रावस्था. तिथे काड्या हव्या त्या दिशेला तोंड करून फिरत असतात. उजळ भाग म्हणजे द्रवस्फटिक. तिथे शेजारच्या काड्या एकमेकींना समांतर राहतात, आणि सेल्युलोजच्या बाबतीत ही समांतर दिशा थराथराने थोडी थोडी वळत जाते, म्हणून तिला कोलेस्टेरिक किंवा वलयित नेमॅटिक म्हणतात (नुसती समांतर, न वळणारी रचना म्हणजे नेमॅटिक). सेल्युलोजचे निलंबन आपण होऊन असे वळते हे रेव्होल, ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली दाखवले. सूक्ष्मदर्शकाखाली उजळ थराचा थेंब ठेवला की बोटाच्या ठशासारख्या समांतर रेषा दिसतात, आणि लगतच्या दोन रेषांमधले अंतर हे वळणाच्या एका पूर्ण फेऱ्याच्या निम्मे असते. या मालात त्या रेषा इतक्या स्वच्छ दिसल्या की विद्यार्थ्यांना दाखवताना मला काहीच समजावून सांगावे लागले नाही. ५ टक्क्यांच्या ताज्या ढवळलेल्या कुपीतील थेंब पाहिला तर त्याहून सुंदर दृश्य दिसते : काळ्या पार्श्वभूमीवर चातीच्या आकाराचे, दोन्ही टोकांना निमुळते झालेले उजळ थेंब तरंगत असतात, त्यातल्या मोठ्या थेंबांत रेषा उमटलेल्या असतात, आणि दोन थेंब एकमेकांना भिडले की दोहोंच्या रेषा काही क्षण वाकड्यातिकड्या होऊन मग जुळतात. हेच थेंब जड असल्यामुळे खाली बसतात आणि तळाचा उजळ थर तयार होतो. असे थेंब झोखर यांनी व्हॅनेडियम पेन्टॉक्साइडच्या निलंबनात १९२५ सालीच पाहिले होते. बाटलीतून काढलेल्या मालात ते पहिल्या दिवशी दिसावेत, ही पुरवठादाराच्या कामाची पावतीच आहे.

आता आकड्यांकडे वळते, कारण माझी तक्रार तिथूनच सुरू होते.

लार्स ऑन्सागर यांनी १९४९ साली दाखवून दिले की काड्यांना समांतर करण्यासाठी त्यांच्यात आकर्षण असण्याची गरज नाही. दोन काड्या एकमेकींत घुसू शकत नाहीत, एवढीच अट पुरेशी असते. एका काडीमुळे दुसरीला जेवढी जागा नाकारली जाते त्याला वर्जित घनफळ म्हणतात, आणि दोन बारीक काड्यांचे हे घनफळ त्यांच्या लांबींच्या गुणाकाराच्या, जाडीच्या आणि त्यांच्यातील कोनाच्या ज्येच्या प्रमाणात असते. काड्या आडव्यातिडव्या असल्या की हे घनफळ मोठे असते आणि समांतर झाल्या की ते जवळजवळ नाहीसे होते. दाटी वाढली की समांतर होऊन दिशेचे स्वातंत्र्य गमावण्यापेक्षा हालचालीला मिळणारी मोकळीक मोठी ठरते आणि एन्ट्रॉपीच (शक्य असलेल्या मांडण्यांच्या संख्येचे माप) काड्यांना रांगेत उभे करते. ऑन्सागर यांच्या समीकरणांचे नेमके उत्तर असे येते की, काड्यांनी व्यापलेल्या घनफळाच्या अंशाला लांबी-जाडीच्या गुणोत्तराने गुणले असता ३.२९ आले की समदिक् द्रवात नेमॅटिक दिसू लागतो आणि ४.१९ आले की समदिक् द्रव संपतो. म्हणजे सगळ्या काड्या एकाच लांबीच्या असतील तर दोन प्रावस्था एकत्र नांदण्याचा पट्टा फार अरुंद असतो. वरची मर्यादा खालच्या मर्यादेच्या सव्वापटीहून किंचितच जास्त असते.

लेबलवरची लांबी आणि जाडी या समीकरणात घातली तर पट्टा घनफळाच्या १५ ते २० टक्क्यांच्या आसपास यायला हवा, आणि माझ्या कुपीत तो वजनाच्या ४ टक्क्यांना सुरू झाला. या फरकाचा मोठा भाग समजण्यासारखा आहे आणि त्यासाठी पुरवठादाराला बोल लावता येत नाही. गंधकाम्लाच्या प्रक्रियेत कणांच्या पृष्ठभागावर सल्फेटचे गट बसतात आणि कणांना ऋण भार येतो. हा भार कणांना एकमेकांपासून दूर ठेवतो, त्यामुळे प्रत्येक काडी शेजारणीला तिच्या खऱ्या जाडीपेक्षा बरीच जाड भासते. क्षार अगदी थोडे असतील तर ही भासमान जाडी सहज ३५ नॅनोमीटरपर्यंत जाऊ शकते, आणि तेवढी धरून हिशेब केला तर पट्टा वजनाच्या सुमारे ४.८ टक्क्यांना सुरू होऊन ६.१ टक्क्यांना संपतो. इतक्या जाड भासणाऱ्या काड्यांना ऑन्सागर यांचे समीकरण तंतोतंत लागू पडत नाही, हे मान्य करूनही सुरुवातीचा आकडा पटण्याजोगा येतो. पटत नाही तो शेवटचा. ६ टक्क्यांच्या जवळपास संपायला हवा असलेला पट्टा ११ टक्क्यांपर्यंत का रेंगाळतो, याचे उत्तर भासमान जाडीत सापडत नाही, कारण ती दोन्ही मर्यादा सारख्याच प्रमाणात खाली आणते.

त्याचे उत्तर लांबींच्या विविधतेत आहे, आणि तेच माहितीपत्रकात नाही. बाटलीतला थेंब खूप विरळ करून, अभ्रकाच्या पत्र्यावर सुकवून मी आण्विक बल सूक्ष्मदर्शकाखाली ३०० काड्या मोजल्या. सरासरी लेबलच्या आकड्याच्या अगदी जवळ आली, त्यामुळे लेबल खोटे नाही. परंतु सर्वांत आखूड काड्या ६० नॅनोमीटरच्या आसपास होत्या आणि सर्वांत लांब काड्या ४०० नॅनोमीटरच्या पुढे गेलेल्या होत्या. वर्जित घनफळ लांबींच्या गुणाकारावर अवलंबून असल्यामुळे दोन लांब काड्यांची जोडी दोन आखूड काड्यांच्या जोडीपेक्षा कितीतरी पट जास्त जागा अडवते. म्हणून दाटी वाढताना प्रथम लांब काड्या रांगेत येतात आणि खालच्या उजळ थरात गोळा होतात. आखूड काड्यांना दाटीची तेवढी झळ लागत नाही, आणि त्या वरच्या काळ्या थरात मोकळ्या फिरत राहतात. पट्टा लवकर सुरू होतो तो लांब काड्यांमुळे आणि उशिरा संपतो तो आखूड काड्यांमुळे. दोन वेगवेगळ्या लांबींच्या काड्यांच्या मिश्रणाचे असे वागणे लेकरकेरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली गणिताने मांडले होते : लांब काड्या नेमॅटिकमध्ये जमा होतात आणि दोन प्रावस्थांचा पट्टा रुंदावतो. लांबीचे गुणोत्तर पुरेसे मोठे असेल तर एक समदिक् आणि दोन वेगळे नेमॅटिक अशा तीन प्रावस्था एकाच कुपीत नांदू शकतात, असेही सिद्धांत सांगतो.

हे केवळ वाचून सोडून देण्याऐवजी मी तपासून पाहिले, आणि या मालाची खरी किंमत मला तिथे कळली. ७ टक्क्यांचे निलंबन विभाजन नरसाळ्यात भरून दोन आठवडे ठेवले, खालचा उजळ थर तोटीतून थेंबाथेंबाने काढून घेतला, त्यात पाणी घालून ते पुन्हा अर्धेअर्धे विभागले जाईल इतके विरळ केले आणि तीच कृती पुन्हा केली. वरच्या काळ्या थरावरही उलट दिशेने असेच केले. तो सावकाश बाष्पीभवनाने दाट करत नेला आणि दर वेळी तळाशी आलेला उजळ थर वेगळा काढला. दोन फेऱ्यांनंतर माझ्याकडे एकाच बाटलीतून निघालेली दोन निलंबने होती. लांब काड्यांच्या निलंबनात उजळ थर ३ टक्क्यांना दिसू लागला आणि ६ टक्क्यांना कुपी पूर्ण उजळ झाली, म्हणजे पट्ट्याची रुंदी निम्म्याहून कमी झाली. आखूड काड्यांच्या निलंबनात ७ टक्क्यांपर्यंत काहीच दिसले नाही, आणि पुढे दाट करत गेल्यावर पूर्ण उजळ होण्याआधीच ते जेलीसारखे घट्ट होऊन बसले. एकदा ते घट्ट झाले की कण जागेवर अडकतात आणि मग दिसते ती समतोल प्रावस्था नसते. हा धोका ध्यानात ठेवूनच ८ टक्क्यांच्या वरची निरीक्षणे करावीत. कणांना लांबीनुसार वेगळे करण्यासाठी कोणतीही चाळणी किंवा महागडे उपकरण लागले नाही. प्रावस्थांनीच चाळण्याचे काम केले.

मग ही दोन निलंबने ठरावीक प्रमाणात पुन्हा एकत्र केली. आखूड काड्यांत चौथा हिस्सा लांब काड्या मिसळताच उजळ थर ४ टक्क्यांच्या थोडा पुढे दिसू लागला. थोड्याशा लांब काड्यांनी सुरुवात एवढी खाली ओढावी, हे प्रत्यक्ष पाहताना फार समाधान वाटले. शेवट मात्र आखूड काड्यांनी वर धरून ठेवला. तीन प्रावस्था पाहायची माझी आशा पुरी झाली नाही, आणि त्याचे कारण स्पष्ट आहे : दोन फेऱ्यांच्या विभागणीनंतरही दोन्ही गटांच्या सरासरी लांबीत दुपटीचाही फरक नव्हता, आणि दोन्ही गटांतील लांबी एकमेकांत बऱ्याच मिसळलेल्या होत्या. ज्यांना तीन प्रावस्थाच पाहायच्या आहेत त्यांनी हा माल त्या भरवशावर घेऊ नये. त्यासाठी सर्व कण एकाच लांबीचे असलेले काहीतरी हवे, आणि त्यात जिवाणूंमध्ये वाढणाऱ्या, काडीच्या आकाराच्या एफडी विषाणूला तोड नाही. त्याचा प्रत्येक कण ८८० नॅनोमीटर लांब आणि सुमारे ६.६ नॅनोमीटर जाड असतो, कारण त्याची लांबी त्याच्या जनुकीय रेणूनेच ठरवलेली असते. फ्रेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली काही विषाणूंवर पॉलिमरचा थर चढवून त्यांना जाड केले, त्यांत साधे विषाणू मिसळले आणि बारीक-जाड काड्यांच्या त्या मिश्रणात समदिक्-नेमॅटिक, नेमॅटिक-नेमॅटिक आणि समदिक्-नेमॅटिक-नेमॅटिक, असे तिन्ही सहवास दाखवले. परंतु विषाणू वाढवायला जिवाणूंची लागवड, निर्जंतुक जागा आणि बरेच दिवस लागतात, आणि एवढ्या खटपटीनंतर हाती येणारा माल काही ग्रॅमही नसतो. या बाटलीत अर्धा किलो निलंबन येते.

पुरवठादाराकडून आलेल्या दुसऱ्या बाटलीविषयी लिहिणे आवश्यक आहे. सहा महिन्यांनी मागवलेल्या या बाटलीवर लेबल तेच होते, लांबी-जाडीचे आकडेही तेच होते, पण उजळ थर ४ टक्क्यांऐवजी ५ टक्क्यांना दिसू लागला आणि बोटाच्या ठशासारख्या रेषा पहिल्यापेक्षा एकमेकींच्या अधिक जवळ आलेल्या दिसल्या. दोन्ही लक्षणे एकाच गोष्टीकडे बोट दाखवत होती. निलंबनात क्षार जास्त असतील तर कणांवरच्या भाराचा प्रभाव दूरवर पोहोचत नाही, काड्यांची भासमान जाडी कमी होते, त्यामुळे द्रवस्फटिक उशिरा बनतो आणि बनल्यावर त्याचे वळण आखूड होते. विद्युतवाहकता मोजली तर ती पहिल्या बाटलीच्या जवळपास तिप्पट निघाली. निलंबन पाच दिवस डायलिसिसच्या पिशवीत (जिच्यातून क्षार बाहेर झिरपतात पण कण नाहीत), रोज शुद्ध पाणी बदलत ठेवले, तेव्हा ते पहिल्या बाटलीसारखे वागू लागले. म्हणजे कणांत दोष नव्हता, धुण्यात कसूर राहिली होती. मी पत्र लिहून दोन्ही बाटल्यांच्या सल्फेटच्या प्रमाणाचा आणि वाहकतेचा तपशील मागितला. तो मिळायला सात आठवडे लागले. ज्या मालाचे वागणे एवढ्याशा क्षाराने बदलते, त्याच्या प्रत्येक बाटलीबरोबर वाहकतेचा आकडा आलाच पाहिजे. तो मोजायला पुरवठादाराला दोन मिनिटेही लागणार नाहीत.

याच पुरवठादाराकडे सुकवलेली भुकटीही मिळते, आणि पाठवायला सोपी म्हणून अनेक जण ती घेतात. मी नमुना मागवून पाहिला. सोडियम-रूप असल्यामुळे भुकटी पाण्यात विरघळल्यासारखी मिसळते खरी, आणि आम्ल-रूपातली भुकटी पूर्ण सुकल्यावर जशी पुन्हा मिसळतच नाही तसे इथे होत नाही. परंतु बराच वेळ सोनिकेटर चालवूनही सूक्ष्मदर्शकाखाली कडेने एकमेकांना चिकटलेल्या काड्यांच्या जुड्या न सुकवलेल्या मालापेक्षा अधिक दिसल्या. जुडी म्हणजे जाड काडी. त्यामुळे लांबीच्या विविधतेत जाडीच्या विविधतेची भर पडते, आणि मग काय कशामुळे घडले हे सांगणे कठीण होते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका कामात तर सेल्युलोजच्या द्रवस्फटिकातले वळणच मुख्यतः अशा जुड्यांमुळे येते असे दाखवले आहे, त्यामुळे त्या पूर्णपणे काढून टाकाव्यात असेही म्हणता येत नाही. भुकटी इतर कामांना चालेल. प्रावस्थांच्या मोजणीसाठी न सुकवलेले निलंबनच घ्यावे.

साठवणुकीत अडचण आली नाही. बाटली थंड पण गोठणार नाही अशा जागी ठेवावी लागते, कारण गोठल्यास कण एकत्र दाबले जाऊन गठ्ठे होतात. मालात बुरशीरोधक रसायन घातलेले नाही, आणि ते मला योग्य वाटते, कारण अशी बरीच रसायने स्वतःच क्षार असतात. बाटलीत शिरणारा चमचा स्वच्छ ठेवला तर माल वर्षभर टिकतो. माझा टिकला आहे.

पुरवठादाराकडे माझी मागणी फार नाही. सरासरीच्या शेजारी लांबींचा आलेख छापावा, निदान सर्वांत आखूड आणि सर्वांत लांब दहा टक्के काड्या कोणत्या लांबीच्या आहेत एवढे तरी द्यावे, आणि बाटलीगणिक वाहकता नोंदवावी. लांबीनुसार विभागलेली निलंबने त्यांनी वेगळी विकायला काढली, तर मी ती पहिल्या दिवशी मागवेन, कारण मोठ्या टाकीत त्यांना ते माझ्यापेक्षा सहज जमेल. तोपर्यंत जे अध्यापक किंवा संशोधक हा माल घेतील त्यांनी कुप्यांची मालिका भरण्याआधी एक आठवडा डायलिसिससाठी आणि एक महिना विभागणीसाठी राखून ठेवावा. माझ्या टेबलावर लांब काड्यांची साडेचार टक्क्यांची कुपी गेले अडीच महिने उभी आहे. काळ्या आणि उजळ भागांमधली सीमा पहिल्या आठवड्यात जिथे स्थिरावली तिथेच आहे, आणि तळाच्या थरातल्या रेषा आता भिंगानेही मोजता येतील इतक्या सरळ झाल्या आहेत.